लाल दोऱ्याचं पोतं

पोरांनो, तुमच्या आईच्या लग्नात सगळ्यांनी अक्षता टाकल्या आणि माझ्यामागून कटकन आवाज आला. शालिकभाऊंनी अक्षतांमधला एक दाणा दाताखाली फोडला होता. "बाई, रात्री तापल्या होत्या," ते गंभीरपणे म्हणाले आणि उरलेल्या अक्षता वधूवरांवर टाकून हात झटकले.

शालिकभाऊ आमचे शेजारी. मूल गावच्या एका राईस मिलमध्ये चाळीस वर्षं त्यांचं काम एकच, दाणा चावून तो किती तुटेल ते सांगायचं. लोंबीत दाणा भरत असताना रात्री थंड झाल्या नाहीत, तर त्याच्या पोटात पांढरा डाग पडतो आणि मिलमध्ये त्याची कणी होते. हवामानबदलावर मी इंग्रजीत पुष्कळ वाचलं आहे. भाऊंना तो दातांनीच कळला. त्यात दोन दात गेले, तर म्हणाले, "माप झिजलं." त्यांना जेवायला बोलावणारी बाई आजही धास्तावलेली असते.

कणीला आपल्याकडे मान नाही. पण सेनेगलहून मामादू नावाचा एक व्यापारी मिल पाहायला आला, तेव्हा दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. तो म्हणाला, अख्खा तांदूळ माशाच्या रश्शात नुसता पोहतो. माझी आई कणीच शिजवते, कणी रस्सा पिते. हे मी भाऊंना मराठीत सांगितलं. ज्या मालाला त्यांनी जन्मभर नावं ठेवली, तो कुणाच्या तरी आईला हवा होता. त्यांची स्वतःची आई ते पाळण्यात असतानाच गेलेली.

तेव्हापासून मामादूकडे जाणाऱ्या दर खेपेत त्याच्या आईसाठी एक पोतं ते स्वतः चाळून, तोंड लाल दोऱ्याने शिवून पाठवू लागले. एकदा मामादूने कळवलं, आई ते दोरे जपून ठेवते. त्या दिवशी भाऊंनी दाणा चावला नाही.

मग एका वर्षी पाऊस लहरी झाला. देशात तांदूळ कमी पडेल या भीतीने सरकारने कणी बाहेर पाठवणं बंद केलं. तापलेल्या रात्रींनी इकडे कणीचे ढीग लावले आणि ती आवडीने खाणारी माणसं समुद्रापार वाट पाहत राहिली. मिलमधले लोक चिडवत, "भाऊ, तुमची सेनेगलवाली माय उपाशी असन." भाऊ हसत नसत. दर हंगामात ते नवं पोतं चाळून ठेवत आणि जुनं, किडे पडायच्या आत, गावात वाटून टाकत. मामादूचा शेवटचा निरोप आई आजारी असल्याचा होता. पुढे काही आलं नाही. मी लिहून विचारू का म्हटलं की भाऊ लगेच पावसावर बोलू लागत.

अखेर बंदी उठली. मिलची पहिली खेप निघाली त्या सकाळी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. मी मामादूला लिहिलं, पोतं निघालं आहे. पुढे सवयीने लिहायला घेतलं, आई कशा आहेत? भाऊंनी अक्षरांवर पंजा ठेवला.

"ते नका विचारू, बाई. पोतं पोहचू द्या आधी."

मी ती ओळ पुसली.

जाताना दाराशी थांबून त्यांनी खिशातून त्या पोत्यातली चिमूटभर कणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. या वेळी ती रव्याइतकी बारीक होती.

"लय दिवस झाले ना," ते म्हणाले. "तिचे बी दात कमी झाले असतीन."