टबातली नदी

आत्याने घर आवरलं की वस्तू सापडत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यावेळी सापडत नव्हते ते पाणभुंगेरे.

बाबा गेल्यापासून नातलग मुक्कामाला होते आणि आत्याला रिकामं बसवत नव्हतं. बाबा नदीतले किडे मोजून त्यांचा अभ्यास करायचे; गॅलरीत त्यांची चार घमेली होती. एकाच नदीच्या चार जागांचे भुंगेरे त्यांत वेगवेगळे ठेवलेले: खळाळातले, डोहातले, सावलीतले आणि गाळातले. संध्याकाळी बाबांचे एक सहकारी ते न्यायला येणार होते. "तोवर मिसळू देऊ नकोस," एवढंच बाबांनी दवाखान्यातून लेकीला बजावलं होतं. त्यानंतर त्यांनी काहीच सांगितलं नाही.

"आत्या, घमेली कुठायत?"

"घासून पालथी घातली. शेवाळं धरलं होतं गं!"

"आणि आतले किडे?"

"ते होय? न्हाणीघरातल्या टबात सोडले. बिचारे चार जागी चार पडले होते. माझ्या भावाची माणसं ती, राहू देत एकत्र."

लेक टबाकाठी जाऊन बसली. पाण्यात तीळ सांडल्यासारखे सगळे काळेच. कोण खळाळातला, कोण डोहातला, कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं? बाबा जेवताना सांगायचे, "किडा ओळखत बसू नये. त्याला पाणी कसं हवं ते विचारावं. तो आपणहून जागा धरतो." ती "हो बाबा" म्हणायची आणि मीठ पुढे करायची.

तिने नळाखाली दगड रचले आणि धार सोडली. दुसरं टोक निवांत ठेवलं. एका कडेवर पोळपाट आडवा टाकून सावली केली, कुंडीतला चिखल एका कोपऱ्यात लोटला. दुपारपर्यंत काही भुंगेरे दगडांना चिकटले, काही संथ पाण्यावर गिरक्या घेऊ लागले, काही पोळपाटाखाली गेले आणि उरलेले चिखलात दिसेनासे झाले.

तेवढ्यात काका टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि त्यांनी नळ बंद केला.

"काका! नदी बंद केलीत तुम्ही!"

"नदी? मला वाटलं, नळ आहे."

दगडांवरचे भुंगेरे सैरावैरा झाले. धार पुन्हा सुरू झाली आणि काकांना स्टुलावर राखणीला बसवण्यात आलं.

"पण माझी आंघोळ?" त्यांनी विचारलं.

"नदी मोकळी झाली की," आत्या म्हणाली.

सहकारी आले आणि टबावर वाकून एकेक दगड उचलून पाहू लागले. आत्या लेकीच्या पाठीमागे सरकली.

"सरांची मोजणी कधीच संपली होती," ते म्हणाले. "मी यांना नदीत सोडायला न्यायला आलोय."

"मग बाबा मिसळू देऊ नकोस का म्हणाले?" लेकीने विचारलं.

"मोठे बारक्यांना खातात ना. हे बारके दगडांखाली शिरले म्हणून वाचले."

आत्या पुढे वाकली. "तरीच मघापासून गर्दी कमी वाटतेय."

टब रिकामा झाला. मग दिवाणखान्यात काका पंख्याखाली होते, आत्या स्वयंपाकघराच्या दारात, आई भिंतीलगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. खिडकीजवळची बाबांची खुर्ची टाळून सगळे इतके दिवस वळसा घालून जात होते. लेक पुस्तक घेऊन मध्येच उभी राहिली.

"उभी का?" आई म्हणाली. "बस तिथे. तुला वाचायला उजेड लागतो."

ती बाबांच्या खुर्चीत बसली. खिडकीच्या उजेडात तिने पुस्तक उघडलं.

काका हळूच उठून न्हाणीघरात गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आता नळ सोडला तर चालेल ना गं?"