आप्पांची दुरुस्ती

आमच्या निपाणीच्या गल्लीत एक गृहस्थ रोज स्वतःचा तळहात बघत उन्हात उभे असतात. पाहुण्यांना वाटतं, ज्योतिषी! मुलांनो, हे आपले शेजारी, फोटोग्राफर आप्पा. तळहातावर उजेड किती पडलाय ते बघून कॅमेऱ्याचे आकडे फिरवतात. कॅमेरा डिजिटल आहे, उजेड स्वतःच मोजतो. पण आप्पांचा त्याच्यावर विश्वास नाही.

"नंतर कॉम्प्युटरवर उजळ करू" म्हणणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "भात लावतानाच पाणी मापात घालायचं, आक्का. करपल्यावर काय करणार?"

पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांनी मला एक ढग सरकेपर्यंत पाऊण तास स्टुलावर बसवलं. मी म्हटलं, "अहो, थोडा काळा आला तर कॉम्प्युटर आहे की."

"मग त्यालाच पाठवा नातवंडांकडं!"

हेच आप्पा गेल्या आठवड्यात पेनड्राइव्ह घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "आक्का, तुमाला ते उजळ करायचं येतंय न्हवं?"

मी गोंधळलेच. फोटो उघडला. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या लालभडक, एकेक मोजून घ्यावी अशा. मागे दारात मात्र नुसती काळी आकृती. त्यांची बायको, मालू. दोन वर्षांपूर्वी गेली.

"सकाळी भांडलोतो. राग जावा म्हणून फोटो काढतो म्हटलं. उजेड मोजला उन्हात, आणि ही सावलीत. भाईर ये गं म्हटलं, तर म्हणती, तव्यावर भाकरी हाय. तसाच काढला. साऱ्या गावाच्या लग्नांचे फोटो काढले, आक्का, हिचा एवढाच."

मी पडद्यावरची उजेडाची पट्टी उजवीकडे सरकवली. कपाळ दिसलं, कुंकू दिसलं, आणि चेहराभर रवाळ ठिपके.

"बास!" मी थांबले. "अजून जरा." सरकवलं. "न्हाय, एवढी गोरी न्हवती. मागं घ्या." मागे घेतलं. "आता कुठं गेली?"

असं पाच-सहा वेळा झालं. यांना फोटो सुधारून हवाय की नको, मला कळेना. शेवटी विचारलं, "आप्पा, नक्की किती ठेवू?"

"राग गेलता का न्हाय, एवढं दिसलं की बास."

मी चष्मा पुसला, चेहरा मोठा करून पाहिला. ओठांच्या जागी नुसते ठिपके.

"हसतेय," मी म्हणाले.

"व्हय?" आप्पा पडद्याजवळ सरकले.

पुन्हा काही विचारायच्या आत मी फोटो सेव्ह केला.