सासूबाई निघाल्या

"राखाडी म्हटलं की माणसाला राख दिसते," रंगाच्या कारखान्याचे मालक नाववाल्याला म्हणाले. "पैसे देऊन घराला राख कोण फासून घेणार? उद्या सकाळी नवं नाव आण. नाहीतर तुझ्या खुर्चीत दुसरा कोणीतरी बसलेला दिसेल."

कारखान्यात तयार होणाऱ्या रंगांना नावं द्यायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून सगळे त्याला नाववालाच म्हणत. डब्यात काय आहे ते लोक घेत नाहीत, डब्यावर काय लिहिलंय ते घेतात, हा त्याचा अनुभव. कावीळ झाल्यासारखा एक पिवळा वर्षभर पडून होता. त्याला त्याने 'सुट्टीची दुपार' म्हटलं, तर तो दवाखान्यांनीसुद्धा उचलला.

राखाडी मात्र हलेना. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे त्याच्या खुर्चीत, त्याची उशी पाठीशी घेऊन, त्याचा टीव्ही बघत होत्या. त्या हवापालटाला म्हणून थोडे दिवस आल्या होत्या. किती थोडे, ते विचारायची घरात कोणाची छाती नव्हती.

"आई, 'पहाटेचं धुकं' कसं वाटतं ऐकायला?"

"धुक्यात गाड्या आपटतात."

"बरं, 'पारवा'?"

"पारव्यांनी माझी गादी खराब केली होती. नवी होती."

"मग 'मोती'?"

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. रुमाल काढला. "मोती आमचा कुत्रा होता," त्या म्हणाल्या आणि हुंदके देऊ लागल्या.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, काय म्हणालात तुम्ही आईला?"

"मोती."

"तुम्हाला काही काळीज आहे का?"

त्या दिवशी त्याला जेवण मिळालं, पण भांडी आपटूनच.

सकाळी तो रिकाम्या डोक्याने मालकांसमोर उभा राहिला. मालक म्हणाले, "नाव राहू दे. या रंगाच्या खोलीत शिरल्यावर माणसाला कसं वाटलं पाहिजे, तेवढं सांग."

नाववाल्याने डोळे मिटले. शांत घर. रिकामी खुर्ची. स्वतःची उशी. "सासूबाई निघाल्या," तो बोलून गेला.

मालकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. वळले तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते. "छाप," ते म्हणाले.

रंग असा उठला की काही विचारू नका. नव्या जोडप्यांनी नेला, जुन्या जोडप्यांनी जास्त नेला. एका बँकेने अख्खी शाखा रंगवली. ज्याला भिंतच नव्हती असा एक गृहस्थ डबा घेऊन गेला, अधूनमधून झाकण उघडून बघायला.

आणि एक दिवस बायको म्हणाली, "मैत्रिणीकडे तुमच्या कारखान्याचा तो राखाडी बघितला. किती छान दिसतो. आईच्या खोलीला तोच लावू. नाव काय हो त्याचं?"

"अजून ठरतंय," तो म्हणाला.

डबे घरी आले तेव्हा त्याने सुरीने एकेक नाव खरवडून काढलं. पण रंगाऱ्याने गेले कित्येक दिवस दुसरं काही लावलंच नव्हतं. त्याला झाकण उघडताच ओळख पटली. दुपारी शिडीवरून तो ओरडला, "साहेब, 'सासूबाई निघाल्या' पुरायचा नाही. अजून मागवा."

सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. "कोण निघालं?"

"सासूबाई, मावशी. सगळीकडे तेच लावतोय. लोक खूश आहेत. साहेबांनीच तर नाव शोधलं, कारखान्यात त्यांचा सत्कार झाला."

"मला म्हणालात बढती मिळाली म्हणून," बायको म्हणाली.

"आई, शब्दशः घेऊ नका," नाववाला घाईघाईने म्हणाला. "सासूबाई म्हणजे तुम्ही नाही. ती एक भावना आहे."

"कसली?"

नाववाल्याची सगळी कारकीर्द शब्दांत गेली होती. त्या घटकेला तो रंगाऱ्याची शिडी धरायला धावला.

सासूबाई उठल्या. रंगवलेल्या भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "निघाल्या, की नेमकं कसं वाटतं?"

"हलकं," त्याच्या तोंडून निसटलं.

"हं." त्यांनी मान तिरकी करून भिंत पुन्हा बघितली. "जावईबापू, माझ्या घरी चार डबे पाठवा. या रंगाऱ्याबरोबर."

"तुमच्याकडे कशाला, आई?"

"माझ्या सासूबाई नव्वदीला आल्या, अजून भाजीत मीठ किती घालायचं ते मला सांगतात. मी इथे हवापालटाला आले म्हणजे काय तुमची हवा चांगली आहे असं वाटलं तुम्हाला?"

जन्मात पहिल्यांदा नाववाल्याला सासूबाई जवळच्या वाटल्या. डबे गेले, रंगारी गेला. मात्र तिथल्या म्हातारीला रंगाचा वास सोसेना. मग दोन्ही हातांना धरून तिला इकडे आणलं. वास जाईपर्यंत, थोडे दिवस.

इथला वास एव्हाना गेला होता. आजेसासूबाई सासूबाईंच्या रंगवलेल्या खोलीत पलंगावर टेकल्या, नाववाल्याची उशी त्यांनी पाठीशी घेतली आणि चौफेर नजर टाकली.

"रंग कुठला गं हा?"

सासूबाईंना ठसका लागला. बायको पाणी आणायला गेली. नाववाला छताकडे बघत राहिला.

म्हातारीने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवर तळहात फिरवला.

"राखाडी आहे," ती म्हणाली. "छान आहे. जीव अगदी रमला बघ माझा. मी काही आता इथून निघत नाही."