सायकल उद्या

सन दोन हजार अकरा, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. थंडी नुकती पडू लागली होती. गणवेशाचा हंगाम कधीच संपला होता. टेलर मास्तरांच्या दुकानात मशीनपेक्षा माश्यांचा आवाज जास्त होता. अशा निवांत दिवशी शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या आणि पन्नास ब्लेझर कधी मिळतील, असे त्यांनी इंग्रजीत विचारले.

मास्तरांना इंग्रजी येत नव्हते. म्हणजे अक्षरे येत होती. तीस वर्षे ते गणवेशाच्या खिशांवर शाळांची नावे इंग्रजीत भरत होते. अक्षर असे की छापखान्याने लाजावे. पण त्या अक्षरांचा अर्थ काय, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. (खिसा उलटा लावला नाही म्हणजे झाले.)

तेव्हा मध्ये बोलायला त्यांची दहा वर्षांची मुलगी उभी राहिली. मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी ती घरभर गरगर फिरत असे म्हणून तिला बॉबिन म्हणत.

"सांग बाईंना, उद्या देतो," मास्तर म्हणाले.

बॉबिनने सांगितले. बाई पोट धरून हसल्या आणि निघून गेल्या. मास्तरांना वाटले, कामावर खूष आहेत. संध्याकाळी बायकोने खरे काय ते फोडले. मुलगी म्हणाली होती, "बाबा उद्या म्हणतात, म्हणजे महिना धरा."

मास्तर जेवता जेवता थांबले. "माझ्या दुकानात, माझ्या तोंडावर, माझी मुलगी माझी इज्जत काढते आणि मी मान डोलावतो! बस. मी इंग्रजी शिकणार."

"शिका की. उद्यापासून," बायको म्हणाली.

हा टोला वर्मी लागला. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी वर्तमानपत्रातली जाहिरात कात्रीने कापली. परदेशात सहकुटुंब इंग्रजी, आईवडील आणि मुले एकाच छपराखाली, तीन आठवडे. पैसे मुलीच्या सायकलीला म्हणून ठेवले होते, त्यांत भर घालून भरले. (सायकलीचे पुढे येईलच. ती दोन वर्षे येतच होती.)

*

परदेशातल्या त्या शाळेत पहिल्याच दिवशी परीक्षा. कुणाला किती येते ते पाहून तीन वर्ग पाडायचे होते. वरच्या मजल्यावर हुशार, खाली मध्यम आणि जिन्याखालच्या खोलीत बाकीचे. चाळीस प्रश्नांपुढचे गोल काळे करायचे आणि शेवटी घरातल्या एका माणसाविषयी निबंध लिहायचा.

मास्तरांनी पेपर उलटा पाहिला, सुलटा पाहिला. दोन्हीकडून सारखाच. त्यांच्या तिरप्या रेषेत पुढे बॉबिन बसली होती. मास्तर मनात म्हणाले, शिंपी कधी मनाने शिवतो का? गिऱ्हाईक नमुना देते, त्याबरहुकूम शिवायचे. दहा फुटांवरून गिऱ्हाइकाच्या कमरेचे माप सांगणारा डोळा तो. त्याने चाळीस गोल टिपले. मग निबंध टिपला. शब्द शब्दाखाली, ओळ ओळीखाली. बॉबिनने एके जागी खाडाखोड केली होती, तीही टिपली. कोपऱ्यात मांजर काढले होते, ते तर मास्तरांचे जास्त चांगले आले.

निकाल दुपारी लागला. बायको खालच्या मध्यम वर्गात. (तिने कुणाचे न पाहता लिहिले होते.) मास्तर वरच्या मजल्यावर. आणि बॉबिन जिन्याखाली.

दोन पेपर मांजरासकट सारखे निघाले होते. एक अक्षर मोत्यासारखे, दुसरे दहा वर्षांच्या मुलीचे. शाळेने विचार केला, कुणी कुणाचे पाहिले असेल? बॉबिनच्या नावापुढे तांबडा शेरा पडला. बघून लिहिले. तोच शेरा शेवटच्या दिवशी तिच्या प्रमाणपत्रावर यायचा होता.

खोलीवर आल्यावर बॉबिन गादीवर पालथी पडून रडली. वर्गात दोनदा पहिली आलेली मुलगी ती.

"बाबा, तुम्ही माझं बघून लिहिलंत!"

"डोळा गेला. शिंप्याचा डोळा आपोआप जातो."

"मग मॅडमना सांगा ना!"

"सांगतो ना."

"कधी?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिले. "उद्या."

बायकोने कपबशी जरा जोरात ठेवली.

बॉबिन एकाएकी उठून बसली. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, निबंधसुद्धा उतरवलात? सगळा?"

"शब्दन् शब्द. मी अर्धवट काम करतो का?"

बॉबिनने उशीत तोंड खुपसले. आता ती रडत नव्हती, खदखदत होती.

"काय होतं गं त्यात?"

"उद्या सांगते," उशीतून आवाज आला.

वाचकांना सांगायला हरकत नाही. त्यात असे होते: 'माझे वडील शिंपी आहेत. ते फार मोठ्याने बोलतात, पण झुरळाला घाबरतात. ते कुणालाच काही वेळेवर देत नाहीत. पहिला नंबर आला तर सायकल देतो म्हणाले होते. दोनदा आला. मी रोज विचारायचे, ते रोज उद्या म्हणायचे. आता मी विचारत नाही. संध्याकाळी दाराशी उभी राहून दुसऱ्यांच्या सायकली बघते.'

इंग्रजीत 'मी' म्हणणारा पुरुष की बाई, मूल की म्हातारा, ते कळत नाही. मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरातला हा निबंध वरच्या वर्गाच्या फळ्यावर टाचला गेला.

*

वरच्या वर्गात बाराजण होते, देशोदेशीचे. एक दातांचे डॉक्टर, एक बोटीवरचा धिप्पाड आचारी, बाकी असेच शिकलेसवरलेले. शिकवायला एक उंच मॅडम. मास्तरांकडे शिदोरी तीन शब्दांची. 'यस', 'रेडी' आणि 'टुमॉरो'. धंद्यात एवढेच लागत.

मॅडमनी अगदी हळू आवाजात विचारले, "वडील कसे आहेत तुमचे?"

"रेडी," मास्तर म्हणाले.

"अजून तसेच ओरडतात?"

"यस."

"सायकल कधी देणार म्हणतात?"

"टुमॉरो," मास्तर ताठ मानेने म्हणाले.

सगळा वर्ग मास्तरांकडे पाहू लागला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, केस पिकलेले, आणि अजून ही आशा! आचाऱ्याने रुमाल काढून असे नाक शिंकरले की खिडकीतले पाखरू उडाले. डॉक्टरांनी येऊन मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला.

त्या दिवसापासून मास्तरांची चैन झाली. मधल्या सुट्टीत आचारी स्वतःचा केक त्यांच्यापुढे सरकवी. डॉक्टर जिन्यावर त्यांची पिशवी घेत. एकदा भिंतीवर झुरळ दिसले, तर अकराजण धावले आणि मास्तरांभोवती कडे करून उभे राहिले. मास्तर खरोखर बाकावर चढले होते, त्यामुळे ही भीतीही वडिलांकडूनच आली, असे वर्गाने धरले.

"माझा वर्गात फार मान आहे," ते खोलीवर सांगत.

"कशाबद्दल ते कळलं का?" बायको विचारी.

"माणूस ओळखायला भाषा लागत नाही गं."

मायलेकी एकमेकींकडे पाहात आणि दोघींना एकदम खोकला येई.

पण रोज सकाळी जिन्यापाशी आले की मास्तर वर जात आणि बॉबिन जिन्याखाली. तिथे चित्रातला चेंडू दाखवून चेंडू म्हणायला शिकवत. ती दप्तर सावरत एकदाच विचारी, "आज सांगणार?" मास्तर कठडा धरून म्हणत, "उद्या नक्की." दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिने विचारणे सोडून दिले. मास्तरांना हायसे वाटायला हवे होते. वाटले नाही.

एक मात्र होते. बॉबिन रोज संध्याकाळी त्यांना शिकवी. मास्तर चुकले की त्यांच्या मापाच्या टेपने टेबलावर मारी. "हे काय वाचलंत? परत!" मास्तर निमूटपणे परत वाचीत. तीस वर्षे ओळखीची अक्षरे होती, ती आता बोलू लागली.

*

शेवटच्या दिवशी दिवाणखान्यात समारंभ होता. मास्तर लवकर आले. वर्ग रिकामा होता. फळ्यावर त्यांचा कागद. त्यांना वाटले, आपले अक्षर एकदा पाहावे. बोट ठेवून वाचू लागले.

'माझे वडील शिंपी आहेत.' बरोबर. 'मोठ्याने बोलतात.' हो, कुणाचेही असतील. झुरळापाशी बोट थबकले. सायकलीपाशी कान तापले. 'आता मी विचारत नाही' या ओळीपाशी मास्तर खाली बसले. फळ्याखाली, जमिनीवर. आपल्याच हाताने, आपल्याच सुंदर अक्षरात, आपण आपली फिर्याद लिहिली होती. वर मांजर काढले होते.

खालून घंटा झाली.

दिवाणखाना भरला होता. पुढच्या रांगेत जिन्याखालचा वर्ग, त्यात बॉबिन. मागे आई. टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा, शेजारी कारकून तांबडे पेन उघडून बसलेला. उंच मॅडमनी मास्तरांना व्यासपीठावर बोलावले. मग पडदा सरला आणि आचारी आणि डॉक्टर मिळून एक झगझगीत सायकल घेऊन आले. तिला तांबडी रिबन.

"एका मुलानं आयुष्यभर वाट पाहिली," मॅडम गहिवरून म्हणाल्या. "आम्ही सर्वांनी मिळून ती संपवायचं ठरवलं."

टाळ्यांचा कडकडाट. मागे मास्तरांच्या बायकोने पदर तोंडात कोंबला. बॉबिनचे तोंड उघडे ते उघडेच.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, हाताला गुंडाळला, पुन्हा सोडला. मग तुटक्या इंग्रजीत, पण शेवटच्या भिंतीला ऐकू जाईल असे बोलले, "पेपर माझा नाही. त्या मुलीचा. मी बघून लिहिलं. तिनं नाही." स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. "तो बाप मी."

कारकुनाच्या पेनाचे टोपण टेबलावरून घरंगळले.

आचारी पुढे आला. तीन आठवडे त्याने केक दिला होता. "म्हणजे सायकल तुम्ही द्यायची आहे?"

"यस."

"कधी?"

सगळे माना लांब करून बघू लागले. मास्तरांचे ओठ सवयीने पुढे आले. "टु..." ते थांबले. घाम पुसला. पुढच्या रांगेत बॉबिन दोन्ही मुठी आवळून बसली होती.

"टुडे," मास्तर म्हणाले.

हा त्यांचा इंग्रजीतला चौथा धंद्याचा शब्द.

सायकल त्यांनी फुकट घेतली नाही. बायकोच्या खरेदीचे सगळे पैसे मॅडमच्या टेबलावर ठेवले, मगच रिबनला हात लावला. (बायको काही बोलली नाही. ते जास्त महाग पडणार होते.) मग बॉबिनच्या पायाचे माप घेतले, सीटचे घेतले. "चार इंच उंच आहे. फिटिंग करावं लागेल." आचाऱ्याने कुठून तरी पाना आणला. मास्तरांनी अर्ध्या मिनिटात सीट खाली केली. आयुष्यातले पहिले काम त्यांनी सांगितलेल्या दिवशी दिले होते.

कारकुनाने बॉबिनच्या प्रमाणपत्रावर शेरा मारला नाही. मास्तरांच्या मारला. वर शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

सगळे बाहेर हिरवळीवर आले.

"बाबा, आधी तुम्ही चालवून दाखवा."

"मी कशाला? सायकल तुझी."

"येते ना तुम्हाला?"

मास्तर सायकलची घंटी पुसू लागले. बायको बोलली. "येत नाही त्यांना. शिकवावं लागेल म्हणून दोन वर्षं उद्या उद्या चाललं होतं."

हे मात्र सहन होणारे नव्हते. मास्तर सायकलवर चढले. दोन पायडल मारली. तिसऱ्याला सरळ कडेच्या झुडपात गेले आणि तिथेच राहिले. वरचा वर्ग धावला. एकाला वाटले झुरळ आले.

"तुला कोण धरणार आता?" झुडपातून मास्तर म्हणाले.

"मला येते. मैत्रिणीच्या सायकलवर शिकले."

"केव्हा?"

"दोन वर्षांपूर्वी. तुम्ही उद्या म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

बायको झुडपापाशी येऊन उभी राहिली. "अहो, पण ही विमानात न्यायची कशी?"

मास्तरांनी मिशीतले पान काढले. "ते उद्या बघू."

तोवर घंटी वाजवत बॉबिन फाटकाबाहेर गेली होती. सायकल दिली गेली.