तोडकर ट्रेडर्सची मागची बाजू

विश्वनाथ तोडकरांनी ज्या परदेशी कारखान्याची चौकशी चालवली होती, तो कारखाना सोमवारी सकाळी त्यांच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला. तीन मजली होता. दर्शनी भागाला निळ्या काचा, वर कंपनीची पाटी, पाटीखाली रंगीत झेंडे. तोडकरांनी शटर अर्धं वर केलं होतं, ते तसंच धरून ते बराच वेळ बघत राहिले.

यात चूक म्हटली तर त्यांचीच होती. घाऊक मालाच्या वेबसाइटवर चहा गरम ठेवणाऱ्या बाटल्या पाहताना त्यांनी विक्रेत्याला नेहमीचा प्रश्न टाकला होता, की कारखाना प्रत्यक्ष पाहता येईल का. ‘नक्की, प्रिय मित्रा,’ असं उत्तर आलं. कुणी कुणाकडे यायचं, हे दोघांनीही स्पष्ट केलं नव्हतं.

कराडच्या पेठेत परदेशी मालाविषयी बोलावं तर तोडकरांनीच, असा त्यांचा लौकिक होता. ‘विक्रेता पारखावा कसा’ हे त्यांचं भाषण व्यापारी मंडळात ठरलेलं असे आणि ते रंगतही असे, कारण फसण्याचा एवढा दांडगा अनुभव दुसऱ्या कुणाच्या गाठीला नव्हता. एकदा त्यांनी प्रवासी बॅगा मागवल्या. बॅगांना चेन होती, पण ती नुसतीच शिवलेली होती. पुढे तवे मागवले, ते बिल्ल्याएवढे आले. माप मिलिमीटरमध्ये दिलं होतं. तोडकरांनी ते वाचलं होतं, फक्त मनावर घेतलं नव्हतं. त्यातल्या एका तव्यात त्यांच्या पत्नी शैलजाबाई आता कुंकू ठेवत.

तव्यांचं खोकं उघडलं त्या दिवशी शैलजाबाई म्हणाल्या होत्या, “अहो, पुन्हा फसलात तर शटरची किल्ली माझ्याकडे. दुकान मी बघीन, तुम्ही भाषणं करा.” त्या बोलल्या की करतात, हे तोडकरांना ठाऊक होतं. ती किल्ली वडिलांनी त्यांच्या हाती दिली होती. ती खिशात नसेल तर आपण पेठेत कोण म्हणून फिरायचं, या विचारानं त्यांना खरोखर धास्ती वाटे.

म्हणून त्यांनी चपला सरकवल्या आणि कारखाना पारखायला निघाले.

दारात निर्यात विभागाची एमिली उभी होती. तिचं खरं नाव वेगळं असावं, पण या धंद्यात त्यावर कुणी अडून बसत नाही. ती आपल्या भाषेत फोनला सांगे आणि फोन मराठीत बोले.

“प्रिय मित्रा, तुमच्या सकाळीबद्दल अभिनंदन,” फोन म्हणाला.

“प्रवास बरा झाला ना?” तोडकरांनी विचारलं.

“कारखान्याला थोडा वारा लागला. आता ठीक आहे.”

तोडकरांनी भिंत वाजवून पाहिली. काचेवरून बोट फिरवलं. पाटीवरचं नाव वेबसाइटवरच्या नावाशी अक्षर न अक्षर ताडून पाहिलं. मग स्वतःच्या भाषणात सांगत तसा वळसा घालून ते मागे गेले. मागे काहीच नव्हतं. बांबूचे टेकू होते, दोर होते आणि सावली बघून एक शेळी बसली होती.

“मागची बाजू कुठाय?”

“नमुना विमानाने येतो, उर्वरित माल बोटीने येतो,” फोन म्हणाला. “मागची बाजू समुद्रात आहे.”

तोडकरांनी विचार केला. नमुना विमानानं आणि माल बोटीनं, ही तर धंद्याची रीतच. यात खोट काढायला जागा नव्हती.

“मागनं जाऊन बघितलंत?” दुकानात आल्यावर शैलजाबाईंनी विचारलं.

“मागचं बोटीनं येतंय.”

शैलजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाला गाळणी दाखवायला लागल्या.

दुपारी एमिली रस्ता ओलांडून आली. “आता आम्ही तुमचे गोदाम पाहू,” फोन म्हणाला. “आम्हीही पूर्वी फसलो आहोत.”

वेबसाइटवरच्या आपल्या खात्यावर तोडकरांनी ‘तोडकर ट्रेडर्स, मध्यवर्ती गोदाम’ म्हणून एका मंगल कार्यालयाचा फोटो लावला होता. परदेशी लोकांवर छाप पडावी, एवढाच हेतू.

“उद्या या,” ते म्हणाले. “आज झाडलोट चाललीय.”

आणि ते तडक जोतिराम सुताराकडे गेले. गणपतीत मंडळांचे देखावे जोतिरामच उभारी.

“गोदाम नवं कशाला, शेठ? माझ्याकडं गेल्या गणपतीचा राजवाडा पडलाय. कमानीत शटरं बशिवतो. लांबनं कुणाला कळायचं न्हाई.”

“आणि जवळून?”

“जवळ येऊच द्यायचं न्हाई. दोरी बांधतो.”

जोतिरामानं संध्याकाळपर्यंत दुकानापुढे गोदाम उभं केलं. मग समोरच्या कारखान्याकडे मान वाकडी करून पाहिलं. “काम ब्येस हाय. टेकू कमी लावल्यात,” म्हणाला, आणि जाऊन आपल्याकडचे दोन लावून आला.

दुसऱ्या दिवशी गोदाम आणि कारखाना समोरासमोर उभे होते. नगरपालिकेचा माणूस आला, दोन्हीकडे बघून कुठल्या मंडळाचा देखावा म्हणून विचारून गेला. दुकानात यायचं तर गिऱ्हाइकांना कमानीतल्या मोराखालचा पडदा उचलून वाकून यावं लागे. शैलजाबाई प्रत्येकाला “डोकं सांभाळा” म्हणत होत्या.

एमिलीनं दोरी वाकून ओलांडली. भिंत वाजवून पाहिली. शटरावरून बोट फिरवलं. पाटी ताडून पाहिली. पुढं काय होणार ते तोडकरांना पाठ होतं. तिनं पडदा उचलला. आत दुकान होतं, गल्ला होता, आणि गल्ल्यावर शैलजाबाई होत्या.

“मागची बाजू?” फोनने विचारलं.

“बोटीनं येतेय,” तोडकर म्हणाले.

“समजण्यासारखे आहे. कोणत्या बंदरात उतरेल?”

“प्रीतिसंगमावर.” कृष्णा आणि कोयना मिळतात त्या घाटाखेरीज बोट लागेल असं पाणी कराडात त्यांना आठवेना. एमिलीनं ते टिपून घेतलं आणि ती शैलजाबाईंकडे वळली.

“मॅडम, हे खरे आहे का?”

तोडकरांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

“नाही,” शैलजाबाई म्हणाल्या. “आहे ते एवढंच. मागं पाण्याची टाकी आणि पेरूचं झाड. बसा, चहा घ्या.”

एमिली स्टुलावर बसली. ती रागावली नव्हती, उलट तिला जरा सुटल्यासारखं वाटलं असावं.

“बाटली आणलीय का?” शैलजाबाईंनी विचारलं.

तोडकर चपापले. एवढे दिवस त्यांनी कंपनीची नोंदणी पाहिली, मालकाचं नाव पाहिलं, भिंत वाजवली. बाटली मागायची राहूनच गेली होती.

एमिलीनं पर्समधून स्वतःची बाटली काढली. पोचे आलेली होती. शैलजाबाईंनी तिच्यात चहा ओतला, झाकण लावलं, बाटली गल्ल्यावर ठेवली आणि कामाला लागल्या. एमिली दिवसभर तिथंच बसली. बसल्या बसल्या तिनं गाळण्या लहानमोठ्या लावून ठेवल्या. दिवेलागणीला शैलजाबाईंनी झाकण उघडलं आणि एक घोट घेतला.

“गरम आहे. आधी दोन खोकी पाठवा. चांगली निघाली तर पुढचं बघू.”

“प्रिय मैत्रिणी,” फोन म्हणाला आणि थांबला. पुढचं त्याला मराठीत सापडलं नसावं.

ती गेल्यावर तोडकरांनी घसा साफ केला. “म्हणजे या खेपेला मी फसलो नाही.”

“नाही ना. फसलात तर किल्ली माझी, एवढंच ठरलं होतं आपलं,” शैलजाबाई पडदा खाली सोडत म्हणाल्या. “तुम्हीच फसवायला निघालात तर काय, ते मी ठरवलंच नव्हतं. तुमच्याकडून तसलं काही होईल, असं कधी वाटलंच नाही.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तोडकरांना परवडलं असतं. त्यांना फार लाज वाटली. त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या हातावर ठेवली. शैलजाबाईंनी ती पदराला बांधली.

बुधवारी कारखाना निघून गेला. दुपारी वेबसाइटवरून संदेश आला, की तोडकर ट्रेडर्सची मागची बाजू मार्गस्थ असून प्रीतिसंगमावर उतरवून घेण्यास हजर राहावे.

“सांगितलं कुणी होतं? मग जा,” शैलजाबाई म्हणाल्या.

तोडकर रोज घाटावर जाऊन बसू लागले. शनिवारी कृष्णेतून भोंगा वाजवत बोट आली. कपडे धुणाऱ्या बायकांनी आपापले पिळे बाजूला घेतले. बोटीवर गोदाम होतं, उंच, पक्क्या भिंतींचं, पोटमाळ्यासकट. तोडकरांनी घाटावरून चालत जाऊन ते सगळ्या अंगांनी पाहिलं. पुढची बाजू तेवढी नव्हती.

बोटीवरच्या माणसानं पावती पुढे केली. “मालकाची सही.”

तोडकरांनी सवयीनं खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं.

“जरा थांबा,” ते म्हणाले. “मालकीण दुकानात आहेत. बोलावून आणतो.”