पान तीसवरचा खून

"आख्ख्या कुलाबा जिल्ह्यात मला फसवील अशी कादंबरी अजून आली नाय!" रावजी उतेकर पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर छाती ठोकून सांगत. "पान तीस! पान तीसला खुनी सांगनार. एकतीस उजाडलं तर मिशी उतरवीन!"

ऐकणारे कोण? तर एक पानवाला, एक पेंगुळलेला कंडक्टर आणि महाडच्या गाडीची वाट बघणारी चार माणसं. गाडी आली की तीही पळत. गावात कादंबरी वाचणारा दुसरा माणूसच नव्हता, त्यामुळे मिशीला तसा काही धोका नव्हता.

रावजींची उमर मुंबईला कापडगिरणीच्या फोल्डिंग खात्यात गेली. ठाणभर कापडात एक धागा सुटलेला असला, तरी त्यांच्या नजरेतून निसटायचा नाही अशी त्यांची तिथे ख्याती. नोकरी संपली तसे बायकोला, तुळसाला, घेऊन गावी आले आणि घराची कौलं शाकारायच्या आधी महाडच्या वाचनालयाचे सभासद झाले. मूलबाळ नव्हतं. तुळसाला अक्षर येत नव्हतं. ती गोधडी शिवत बसायची, रावजी मोठ्याने वाचायचे आणि ती "हूं, हूं" करायची. बरेचदा ती झोपेतच हूं करते, असा रावजींचा पक्का समज होता. मात्र शेवटच्या पानावर खुनी सापडला की ती तोंडावर हात मारायची, "आगो बाय, ह्यो होय!" त्या एका "आगो बाय"साठी रावजी अडीचशे पानं घसा कोरडा करीत.

तुळसा गेली त्याला आता चार वर्षं झाली. पहिली दोन वर्षं रावजींनी पुस्तकाला हात लावला नाही. मग एका पावसाळ्यात भिंतीशी बोलून बोलून भिंतही कंटाळली असं वाटलं, तेव्हा त्यांनी पुन्हा महाडची गाडी धरली.

आणि वाचणारा माणूस म्हटला की त्याला मतं असणारच! रावजींना तर इतकी होती की ठेवायला घरात जागा पुरेना. निव्वळ प्रेमाची कादंबरी म्हणजे त्यांच्या भाषेत "एकदम बोगस". नायक परदेशातून आलेला इंजिनियर. त्याची मोटार घाटात बंद पडते आणि तिथेच नायिका भेटते. "आमच्या आंबेनळी घाटात गाडी बंद पडली की मानसं चाकाला दगड लावतात, प्रेमात नाय पडत!" पावसात ही दोघं रिकाम्या बंगल्यात आडोशाला जातात. "आमच्याकडं आडोशाला जावा, आत आधीच चार म्हशी उभ्या!" आणि सगळ्यात राग कशाचा, तर न बोलण्याचा. एक वाक्य बोलली असती तर गैरसमज मिटला असता. पण नाही, नायिका प्रेमापोटी गप्प! "प्रेम असलं तर मानूस बोलंल का गप बसंल? दोनशे पानं कागद फुकट!"

त्यापेक्षा प्रेमात खून असलेली कादंबरी बरी. तिथे माणसं गप्प बसतात त्याला निदान कारण असतं. पण हे लेखकही लबाड, एकमेकांचं चोरतात! वाचताना रावजींना सारखं वाटे, हे आपण कुठंतरी वाचलंय. वाचनालयातल्या सगळ्या कादंबऱ्या खाकी पुठ्ठ्यात बांधलेल्या, पहिली पानं गळालेली, नावांचा पत्ता नाही. एक उघडावी आणि दुसरी मिटावी.

आता ही पान तीसची करामत. रावजींनी ती कुणाला सांगितली नव्हती, पण आपल्याला सांगायला हरकत नाही. पुन्हा वाचायला लागल्यावर त्यांना जवळजवळ प्रत्येक खुनाच्या पुस्तकात तीसच्या आसपास, दोन पानांच्या मधल्या शिवणीत, एक नारिंगी दोरा सापडू लागला. बारीक गाठ मारून अडकवलेला. आणि त्या पानावर जो माणूस बोलत असेल, तोच शेवटी खुनी निघायचा! कधी डॉक्टर, कधी दिवाणजी, कधी सावत्र भाऊ. एकदाही चूक नाही!

म्हणजे आपल्या आधी ही पुस्तकं वाचणारं कुणीतरी होतं. हुशार होतं. रावजींना त्या दोऱ्याचा असा लळा लागला की पुस्तक हातात आलं की आधी शिवण चाचपायचे. दोरा दिसला की गालात हसून म्हणायचे, "काय, तुमालाबी दिवाणजीच वाटतो ना? मलाबी!" पण दोरा किती बोलणार! हे माणूस गाठायचं, समोर बसवायचं आणि पोटभर कादंबऱ्यांवर बोलायचं, एवढी एकच इच्छा आता रावजींना उरली होती.

एका शनिवारी ते वाचनालयात गेले. ग्रंथपाल अण्णा सभासदांच्या कार्डांची पाकिटं लावत होते. कोपऱ्यात एक साध्या कपड्यांतला गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसला होता. तो महाडला नवीनच बदलून आलेला पुण्याचा हवालदार आहे, हे रावजींना कुठून माहीत असणार?

आणि इथेच घोटाळा झाला. आमच्या खोऱ्यातली माणसं पाण्याला 'पानी' म्हणतात आणि लोण्याला 'लोनी'. आता 'खूण' या शब्दाचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

"अण्णा, एवढं सांगा. ह्या पुस्तकांत खून कोन करतंय?"

अण्णांचा कान एरवी या बोलीला तयार होता. पण त्यांच्या पाठीशी कपाटभर खून होते, तिथे कान तरी काय करील? "रावजी, असं आधी सांगत नसतात. आणि तुम्ही तर पान तीसला ओळखता म्हणे!"

"त्यो खून नव्हं वो! मी खून म्हनतोय, खून! दर पुस्तकात एकच मानूस करतंय. माझा अंदाज, बाईमानूस असनार."

"दर पुस्तकात एकच बाई?"

"आमच्याच बाजूची. पोलादपूर म्हना, नायतर वर कुडपनकडची. दोऱ्यानं करते. नारिंगी दोरा! अशी बारीक गाठ मारते की जानकाराबिगर कुनाला कळायचं नाय."

कोपऱ्यातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"किती झाले असे?" हवालदारांनी अगदी सहज विचारलं.

रावजी मोहरले. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी आपणहून काही विचारलं होतं! "डझनभर तरी होतील!"

"आणि तुम्ही कुणालाच बोलला नाहीत?"

"कुनाला बोलू? घरात मी एकटा. आधी वाटलं, आपल्याला काय करायचंय. मग मजा यायला लागली. आता तर खून दिसल्याबिगर जेवन जात नाय!"

"राहता कुठे आपण?" हवालदारांनी मऊ आवाजात विचारलं. रावजींनी घराच्या खुणेसकट पत्ता सांगितला आणि वर "या की उद्या, सगळं दाखवतो" असं आमंत्रणही दिलं.

बातमी रावजींच्या आधीच्या गाडीने पोलादपूरला पोचली. वाटेत बिरवाडीतच डझनाचे दोन डझन झाले होते. सकाळपर्यंत गावातल्या बायकांनी आपापले दोऱ्याचे रीळ लपवले. बयाबाईने तर अर्धी शिवलेली गोधडी शेणीच्या ढिगात पुरली, आणि तिच्यात नारिंगी दोऱ्याचा एक टाकाही नव्हता!

रावजी मात्र उठून अंगण झाडत होते. पाहुणा यायचा होता! शेजारच्या राहीबाईकडून साखर आणली, दोन कप विसळले. पाहुणा आला तो खाकी डगल्यात, मागे पोलीस पाटील कोंडाजी आणि कोंडाजीच्या मागे अर्धा गाव. एवढी माणसं कादंबरीवर बोलायला आलेली बघून रावजींनी घाईघाईने चटईही अंथरली.

"बसा, बसा! च्या टाकतो!"

"चहा राहू द्या. पुरावा कुठाय?"

"हा काय!" रावजींनी खाकी पुस्तक पुढे केलं. "आता ह्या पुस्तकाबद्दल माझं मत असं, की नायिका तीनदा बेशुद्ध पडते ती एकदा पडली तरी चाललं असतं. पन खुनाचं काम फर्स्टक्लास!"

"मृतदेह कुठे आहे?"

"पान सत्तरला."

"कुठे?"

"पान सत्तर! विहिरीत. पन खून पान तीसला हाय."

हवालदारांनी कपाळावरचा घाम पुसला. "खून आधी आणि प्रेत चाळीस पानांनी?"

"असंच असतं सायेब, नायतर रहस्य कसं राहनार?" रावजींनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. "ह्यो बघा दोरा. हीच ती खून!"

हवालदार वाकले. दोऱ्याकडे बघितलं, रावजींकडे बघितलं. "अहो, ही खूण आहे!"

"तेच म्हनतोय मी कालपासून! खून!"

"खूण! खू-ण!"

"हां! खू-न!"

"खूण!"

"खून!"

"अरे, दोगंबी एकच तर बोलताव!" कोंडाजी पाटील कळवळून म्हणाले. "मग भांडताव कशाला?"

अर्धा गाव हसायला लागला. हवालदार मटकन खाटेवर बसले. डझनभर खुनांचा तपास लावून फौजदार व्हायचं त्यांचं स्वप्न पान तीसवरच संपलं. तेवढ्यात गर्दीतून राहीबाई पुढे आली आणि डोळे बारीक करून पुस्तकावर वाकली.

"आगो बाय! ह्यो तर तुळसाचा टाका!"

"कोण तुळसा? कुठे असते?" हवालदार सवयीने ओरडले.

राहीबाईने हवालदारांच्या खालची गोधडी ओढून काढली आणि उलटी केली. काठाने नारिंगी दोरा चालला होता, बारीक गाठी मारत. रावजी ती गोधडी रोज पांघरत होते. ठाणभर कापडातला सुटला धागा बघणारा माणूस, पण ही गोधडी त्याने कधी उलटी करून बघितली नव्हती.

"भावजी, तुमी वाचता वाचता विडी वढायला भाईर जायचात का नाय?" राहीबाई म्हणाली. "तवा ती टाका घालायची. तुमी जिथं थांबलेलं असाल, तिथं, पन त्या पानावर खुनी बोलला असंल तरच. तोवर तिला कळलेलं असायचं. दुसऱ्या दिशी इहिरीवर मला सांगायची, 'गो राही, आज डागदर हाय!'"

"तुळसाला कळायचं?" रावजी म्हणाले. "ती तर झोपायची. शेवटाला तर आगो बाय म्हनायची!"

"ते तुमच्यासाठनं. मी बोल्ले तिला, कळलंय तर सांग की गो. तर म्हनली, नको. आता कळलं म्हनून सांगितलं तर ते पुस्तक मिटतील. मग मला वाचून कोन दाखवील? आनि शेवटाला मला चकवल्यावर त्यांचं तोंड कसलं फुलतं, ते तू बघितलं नायस."

अर्धा गाव आपल्या पायांकडे बघत होता. रावजींनी चष्मा काढला, पुसला आणि तो न घालताच दोऱ्याकडे बघत राहिले. लेखक एकमेकांचं चोरत नव्हते. पुस्तकंच तीच होती. ही सगळी त्यांनी एकदा वाचली होती, तिच्यासाठी, मोठ्याने. ज्या माणसाला समोर बसवून पोटभर बोलायचं होतं, ते माणूस कितीतरी वर्षं समोरच बसलं होतं. आणि प्रेमापोटी गप्प बसणाऱ्या बाईबद्दलचं त्यांचं मत तर आख्ख्या स्टँडला पाठ होतं.

"च्या टाकतो," ते शेवटी म्हणाले. यावेळी हवालदारांनी नको म्हटलं नाही. जाताना त्यांनी ते खाकी पुस्तकही मागून नेलं.

हवालदारांना कादंबऱ्यांचं वेड लागलं ते तेव्हापासून. थोड्याच दिवसांत वाचनालयात एक कोरी करकरीत कादंबरी आली. ती आधी त्यांनी वाचली आणि मग रावजींच्या हातात ठेवली. "रावजी, पान तीस हं! शनिवारी स्टँडवर भेटतो!"

रावजींनी घरी येऊन शिवण चाचपली. खळीचा वास, पानं अजून कडक. पुस्तक उलटं करून झटकलं. काही पडलं नाही. मग ते मोठ्याने वाचायला बसले. तीस पानं झाली तसे सवयीने विडी ओढायला बाहेर गेले, आणि मुद्दाम जरा जास्तच वेळ थांबले. आत आले. पुस्तक होतं तसंच पडलं होतं. कोण असेल, मामा? नर्स? वकील? विचारायला त्यांनी मान वळवली आणि तशीच परत फिरवली.

शनिवारी स्टँडवर हवालदार, कंडक्टर, पानवाला, झाडून सगळे हजर!

"बोला रावजी! खुनी कोण?"

"मामा," रावजी म्हणाले.

हवालदारांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. "नर्स! नर्स होती ती! मिशी उतरवा आता! एवढ्या वर्षांत तुमचा अंदाज पहिल्यांदा चुकला!"

"उतरवतो की," रावजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "पन चुकला म्हनून हसू नका, हवालदार. माझा ह्यो पहिलाच अंदाज हाय."