तीस चिंबोऱ्या आणि एक स्कॅनर

नितेश मेस्त्रीने सासूला शब्द दिला होता, "टेम्पो सांगू नका, आई. माझी गाडी आहे ना!" हा शब्द त्याने गेल्या रविवारी, सुरमईची तिसरी तुकडी ताटात पडत असताना दिला होता. अशा वेळी माणूस काहीही देऊन बसतो.

आज शनिवारी दुपारी सव्वातीनला तीच गाडी विक्रोळीच्या हायवेवर तीन आचके देऊन बंद पडली. मागच्या सीटवर सासूबाई कृष्णाबाई, मांडीवर मसाल्याचा डबा घेऊन. डिकीत पितळेचा टोप, वाटणाचे डबे आणि पाटीत तीस जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे. सगळी वरात माहुलच्या कोळीवाड्यातून निघाली होती, ती मुलुंडच्या मैदानावर कोळी महोत्सवाला. तिथे चिंबोरीच्या रश्श्याची स्पर्धा होती. नियम सोपा होता: चिंबोऱ्या जिवंत आणायच्या, मैदानावरच रांधायच्या, आणि साडेपाचनंतर येणाऱ्याला चूल मिळणार नाही.

गेली तीन वर्षं पहिला नंबर वेसाव्याच्या उत्तराबाईंचा. कृष्णाबाई दोनदा दुसऱ्या आल्या, एकदा तिसऱ्या. तिसऱ्या नंबराची ट्रॉफी सध्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवायला होती.

"काय झाला?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"पंप गेला, आई," नितेश म्हणाला. त्याचा आवाज एखाद्याच्या मयताला आल्यासारखा झाला होता.

आडनाव मेस्त्री असलं तरी नितेशचा पान्याशी संबंध नव्हता. आजोबा गिरणीत माग चालवत, वडील विक्रोळीच्या कारखान्यात लेथवर होते, आणि नितेश त्याच भागातल्या एका काचेच्या ऑफिसात प्रेझेंटेशन बनवायचा. घराण्याचं कसब असं पिढीगणिक हलकं होत होत माऊसवर येऊन थांबलं होतं. सेकंडहँड डिझेल गाडी घेतल्यावर आठव्या दिवशी त्याने हाय-प्रेशर पंप निकामी होण्यावरचा एक व्हिडिओ पाहिला, आणि त्यानंतर त्याच विषयावरचे एकेचाळीस. तेव्हापासून सिग्नलला गाडी जरा थरथरली तरी त्याच्या छातीत धस्स व्हायचं.

"तो पंप डिझेलला भयानक दाब देतो, आई. आतून झिजला की लोखंडाचा भुगा सुटतो. तो पाइपात जातो, इंजेक्टरमध्ये जातो, टाकीत जातो. सगळी वाट लागते."

"तू बगितलास?"

"काय?"

"भुगा."

"व्हिडिओत."

कृष्णाबाईंनी मसाल्याच्या डब्याचं झाकण घट्ट केलं आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

नितेशने अ‍ॅपवरून गाडी बोलावली. ड्रायव्हरने डिकीतल्या पाटीत डोकावून पाहिलं. "ये सब जिंदा है?" त्याने विचारलं. "इनको सीट बेल्ट कौन लगाएगा?" आणि तो निघून गेला. दुसरी गाडी लांबूनच आली, लांबूनच वास घेतला आणि न थांबता घाटकोपरच्या दिशेने वळायची सोय शोधत पुढे गेली. रिक्षात कृष्णाबाई मावत होत्या किंवा टोप मावत होता. टोपाला सोडून जायला कृष्णाबाई तयार नव्हत्या.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. नितेशने तो स्पीकरवरच घेतला. अक्षता सकाळपासून मैदानावर स्टॉल लावून बसली होती.

"कुठे आहात?"

"विक्रोळीला."

"अजून? अरे, उत्तराबाईंनी नारळ खवून ठेवले! फोटो काढून घेतायत खवणीबरोबर!"

"गाडी जरा बंद पडलीये."

"पडणारच! दर रविवारी माझ्या माहेरून डिकी भरून म्हावरं आणतोस. शंभर वेळा सांगितलं, वासाने उंदीर येतात. आपल्या नाहूरच्या पार्किंगमध्ये मांजराएवढे आहेत."

"उंदराचा इथे काय संबंध? हाय-प्रेशर पंप आहे तो!"

"ते मला नको सांगूस. उंदरामुळे काही झालेलं निघालं ना नितेश, तर रविवारचं म्हावरं कायमचं बंद!"

फोन ठेवताना नितेशला, निदान आपला पंपच गेलाय, याचं थोडं समाधान वाटलं.

इथून पुढे कृष्णाबाईंनी सूत्रं हातात घेतली. पदर खोचून त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि चार मोटरसायकलवाल्यांना त्यांनी असा आवाज दिला की पाच थांबले. धक्का मारत गाडी सर्व्हिस रोडवरच्या चंद्रप्रकाशच्या गॅरेजमध्ये नेण्यात आली. गॅरेजच्या चढावर गाडी दणकली, आणि डिकीत काहीतरी कलंडल्यासारखा आवाज आला. त्या गडबडीत तो कुणी मनावर घेतला नाही.

चंद्रप्रकाशकडे स्कॅनर होता. त्याने तो स्टिअरिंगखाली जोडला, बोनेट उघडलं, सेल मारला, आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा चष्मा वर केला.

"रेल प्रेशर लो. पंप गेला साहेब. शंभर टक्के."

नितेशला दुःख झालं, पण निदान जुळल्यामुळे तो उगाच जरा ताठही झाला. "बघा आई, मी म्हटलं होतं!"

"किती टाइम लागंल?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"आठ दिवस. पंप, रेल, इंजेक्टर, टाकी, सगळं उतरवायला लागेल."

"साडेपाचला चूल हाय माजी."

"मौसी, चूल उद्या पेटवा ना."

कृष्णाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो घाईघाईने म्हणाला, "थांबा, टाकीत भुगा आलाय का ते आधी बघतो." टाकीचं झाकण मागच्या सीटखाली असतं. त्याने सीट उचलली आणि आत हात घातला.

त्यानंतर जो आवाज निघाला, तो स्कॅनरच्या कुठल्याही यादीत नव्हता.

"कुर्ल्या सुटल्या!" नितेश ओरडला.

"चिंबोऱ्या," कृष्णाबाईंनी शांतपणे दुरुस्ती केली. कोकणातल्या जावयाला ही दुरुस्ती त्या लग्नापासून सुचवत होत्या.

बाजारात चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधतात. कृष्णाबाई बांधत नसत. बांधलेली चिंबोरी मनातून खचते आणि रश्श्याला उतरत नाही, असं त्यांचं मत होतं. न खचलेल्या तीस चिंबोऱ्या आता सीटवरून, पायदानावरून आणि उघड्या दारातून गॅरेजभर पसरल्या. चंद्रप्रकाश बोट चोखत टायरांच्या चळतीवर चढला. त्याचे दोन कारागीर शेजारच्या चळतीवर गेले. नितेश ड्रायव्हरच्या सीटवर, डावा पाय क्लचवर आणि उजवा डॅशबोर्डवर घेऊन बसला. कृष्णाबाई मात्र वालाच्या शेंगा तोडाव्यात तशा एकेक चिंबोरी मागून धरून पाटीत टाकत गेल्या.

"एकोनतीस. एक कमी हाय."

"आई, साडेचार वाजले!"

"तीस आनल्या, तीस नेनार."

शेवटची चिंबोरी पुढच्या चाकामागे शिरताना दिसली होती. कृष्णाबाई बोनेटमध्ये वाकून खाली शोधू लागल्या. इकडे नितेशने काहीच सुचत नव्हतं म्हणून, देवाचं नाव घेऊन, पुन्हा एकदा सेल मारला.

"थांब!" कृष्णाबाई ओरडल्या. मग कान इंजिनाकडे नेऊन म्हणाल्या, "परत मार."

त्यांचे यजमान काशीराम गेली तीस वर्षं होडीवर डिझेल इंजिन चालवत होते. त्या इंजिनाने त्यांचे दोन्ही कान निकामी केले होते. त्यामुळे इंजिन ऐकण्याचं काम घरात आपोआप कृष्णाबाईंकडे आलं. धक्क्यावर बसून, कुणाची होडी येतेय आणि तिला काय दुखतंय, हे त्या न बघता सांगत.

"ह्ये हवा खातंय," त्या म्हणाल्या.

"मौसी, स्कॅनर पंप दाखवतोय!" चंद्रप्रकाश टायरवरून म्हणाला.

"तुजा स्कॅनर बोलतो, दाब नाय. खरा बोलतो बिचारा. पन दाब का नाय, ते इचारलास त्याला?"

चंद्रप्रकाशने टायरांवरूनच स्कॅनरकडे पाहिलं.

कृष्णाबाईंनी डिझेलच्या पाइपावरचा रबरी गोळा दाबला. "असा गोला आमच्या होडीला पन हाय. दाबला का टनक झाला पायजे. ह्यो बग, चहात भिजलेला पाव. पाइपाला भोक हाय कुटंतरी. डिझेल भायेर येत नाय, पन हवा आत जाते. डिझेलच पोचत नाय, तर तुजा पंप दाब कशाचा देनार? माज्या डोक्याचा?"

मग त्यांनी त्या काळ्या पाइपावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. जाळं शिवायला बसल्यावर फाटलेला डोळा शोधायचा, तसा, न बघता, सावकाश. एका ठिकाणी अंगठा थांबला. कृष्णाबाईंनी वाकून पाहिलं, आणि दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा गडबडला.

"पाइप जुना झाला," त्या गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाल्या.

पिशवीतली मासे कापायची सुरी काढून त्यांनी तो तुकडा कापला आणि कमरेच्या बटव्यात टाकला. चंद्रप्रकाशने दोन टायर खाली उतरून नवा पाइप आणि दोन क्लिपा दिल्या, आणि तो पुन्हा दोन टायर वर गेला. क्लिपा आवळून कृष्णाबाई गोळा दाबत राहिल्या. विसाव्या दाबाला तो कैरीसारखा टणक झाला.

"मार."

इंजिन खोकलं.

"घाबरू नको. मार परत."

गाडी सुरू झाली. अशी सुरू झाली की जणू मधे काही झालंच नव्हतं. टायरांवरून टाळ्या पडल्या.

तिसावी चिंबोरी काही सापडली नाही. निघताना कृष्णाबाईंनी खिडकीतून हाक मारली, "गावली तर पान्यात नको ठेवू रे! ओल्या गोनपाटात ठेव!"

पाच वाजून बावीस मिनिटांनी गाडी मैदानात शिरली. उत्तराबाई खवलेल्या नारळाशेजारी निवांत बसल्या होत्या. पितळेचा टोप उतरताना पाहून त्यांनी फोटोवाल्याला हातानेच थांब म्हटलं. साडेसहाला परीक्षकांपैकी दोघांनी रस्सा चाखला आणि तिसऱ्याने वाटी परत पुढे केली. नियमात ते बसत नव्हतं, पण कुणी हरकत घेतली नाही. पहिला नंबर, माहुलच्या कृष्णाबाई.

ट्रॉफी काखेत मारून कृष्णाबाई माइकवर गेल्या. "माज्या जावयानं शब्द दिलेला, टेम्पो नाय लागनार. नाय लागला." एवढंच म्हणून त्या खाली उतरल्या. नितेशला एकदम डोळ्यांत मसाला गेल्यासारखं झालं. अक्षताने त्याचा हात दाबला आणि ती वाट्या गोळा करायला गेली.

ती दूर गेल्याची खात्री करून कृष्णाबाईंनी जावयाला चुलीमागे बोलावलं आणि बटव्यातला तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. काळ्या रबरावर चार बारीक भोकं होती. एका ओळीत, अगदी नीटनेटकी.

"दात?" नितेश पुटपुटला.

"दात."

"उंदीर?"

"हलू बोल."

नितेशने वाट्या मोजणाऱ्या अक्षताकडे पाहिलं. "आई, हिला सांगायला पाहिजे ना?"

"पुढच्या रविवारी भरलेले पापलेट हायेत," कृष्णाबाई म्हणाल्या.

नितेशने तो तुकडा स्वतःच्या हाताने चुलीत टाकला.

"फारच जुना झाला होता पाइप," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चंद्रप्रकाश होता. "साहेब, मौसी आहेत का? ती तिसावी इकडे टूलबॉक्समध्ये बसलीये. बारा नंबरचा पाना पकडलाय, सोडत नाही. त्याचं मी बघतो. पण अजून एक डिझेल गाडी आलीये, सेम केस. स्कॅनरकडे मी बघितलंच नाही. तासभर अंगठा फिरवला, दोन पाइप बदलले, गोळा टणक झाला, तरी सुरू होत नाही. मी सेल मारतो, जरा ऐकवा ना मौसीला!"

नितेशने फोन कृष्णाबाईंच्या कानाला लावला. ट्रॉफी काखेत, डोळे मिटलेले. आजूबाजूच्या चार कोळणी आपोआप गप्प झाल्या.

"परत मार," कृष्णाबाई म्हणाल्या.

पलीकडे पुन्हा घरघर झाली. कृष्णाबाईंनी सावकाश डोळे उघडले आणि मान हलवली.

"ह्याचा पंप गेला," त्या म्हणाल्या.